एकशे सतरा

मे महिन्यात उजनीचं पाणी
कुगावच्या काठापासून इतकं मागं सरतं
की होडी आधी चिखलात राहते, मग भेगाळ मातीवर,
आणि कुत्री तिच्या सावलीला येऊन झोपतात.

धाकटा म्हणाला, चार दिवसांचं जळण होईल.
त्याच्याकडं पत्र्याची आहे आता, मोटार लावलेली.
मी बोलले नाही. एसटीतून उतरले तेव्हाच
डोक्यावर पोतं होतं,
अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यातलं वाया गेलेलं सूत,
मुकादमाकडून किलोवर घेतलेलं,
सगळे रंग एकमेकांत गुंतलेले.

लालासाहेब मुलाणी पूर्वी बैलगाड्या करायचा.
होडीला त्यानं जन्मात हात लावलेला नाही,
पोहताही येत नाही.
तिच्याभोवती दोनदा फिरला, बोटानं ठोकत,
डॉक्टर पोरांच्या पाठीवर ठोकतो तसं.
"फासळ्या बाभळीच्या हायत. त्या मरत नस्त्यात.
तळ बघू."

तळ बघायचा म्हणजे डांबर खरवडायचं.
अण्णा दर उन्हाळ्यात एक थर चढवायचे,
गोवऱ्यांवर डबा तापवून, कुणाला जवळ येऊ न देता.
वहिनी खुरपं घेऊन बसली, मी उलथणं.
थरांत खवले निघाले, एक गळ निघाला,
माझ्या शाळेच्या बुटाचं बक्कल निघालं.

तिसऱ्या दिवशी मधल्या फळीवर शेंदरी डाग.
मला वाटलं, गंज.
लालासाहेबानं रॉकेलचं फडकं फिरवलं:
११७.
आणि वीतभर वर, बूच मारलेलं एक भोक.
तो बराच वेळ त्या भोकाकडं बघत राहिला.
"ही फळी न्हवं," म्हणाला, "दार हाय. हितं कडी होती."

जुन्या गावात मोजणीवाले आले
तेव्हा घराघरावर आकडा टाकून गेले,
एवढंच मी ऐकून होते.
अण्णांना विचारलं तर म्हणायचे,
पाणी आलं, आम्ही वर आलो.
दाराचं कधी सांगितलं नाही.
त्याच दारावर उभं राहून त्यांनी जाळी टाकली,
मरळ आणली, चिलापी आणली,
मला पलीकडच्या शाळेत पोचवलं,
आणि खाली कुठंतरी, चाळीस हात खोल,
चौकट उघडीच.

"कड कुजलीय. बदलू का आख्खी?"
धाकटा तेवढ्यात गाडी लावून आला होता.
वाकून बघितलं. "घराचं किती दिलं आसंल?"
कुणालाच माहीत नव्हतं.
"कड तेवढी काप," तो म्हणाला.

मग सूत.
कारखान्यात ते ताणायचं असतं, तुटू द्यायचं नसतं;
इथं बोथट छिन्नीनं ठासायचं, फट दिसेल तिथं.
पहिल्या दिवशी माझे हातच गोंधळले.
वरून डांबर फिरलं तरी
एका सांध्यात हळदी धागा दिसत राहिला.

डांबर वाळल्यावर आम्ही तिला पाण्यात ढकलली
आणि दगड भरून बुडवली.
लालासाहेब ओरडलाच. आठ दिवस राबलेला माणूस.
त्याला सांगितलं, कोरडं लाकूड गळतं,
रात्रभर पोटभर पाणी प्यायलं की फळ्या फुगतात,
एकमेकींना धरतात.
पटलं नाही त्याला. काठावरच बसून राहिला,
बिड्या संपेपर्यंत.

सकाळी तेलाच्या डब्यानं पाणी उपसलं.
ती वर आली, जरा डावीकडं कललेली.
नवं बूच मारूनही
कडीच्या भोकातून थेंब येतच होता.

माझी सोमवारी दुसरी पाळी.
धाकट्यानं कळाशीच्या काठाला सोडतो म्हटलं,
मोटारीच्या होडीतून नाही, हिच्यातून.
मधोमध वल्हं थांबवलं त्यानं.
"हितंच आसंल का गं?"
माझा पाय त्या भोकावर होता, टाच ओली.
चारी बाजूंना नुसतं पाणी, खूण म्हणावी असं काही नाही.
"काय म्हाईत," म्हटलं.
"मार वल्हं. गाडी चुकंल."