थडग्यातल्या फौजेशी कसं खेळावं

पहिली गोष्ट: मारू नये.
हा डाव मेलेल्यांवरच चालतो.
त्याचा सैनिक आपण मारला की तो ढिगात जातो
आणि दोन फेऱ्यांनी उठून येतो, दुप्पट दात घेऊन.
म्हणून त्याचे लंगडे भालदार जगू द्यायचे,
दारात उभे राहू द्यायचे
भाडं थकलेल्या भाडेकरूंसारखे.
ढीग रिकामा राहिला की थडग्याचा राजा
हातात मोठमोठी पानं धरून नुसता बसतो.

हे मला अकराव्यांदा हरल्यावर कळलं.

खेळ टॅबमध्ये टाकून दिला भाचीच्या ऋतुलनं.
"झोप येत नाही ना तुला, मग हे घे."
जेल रोडवर रात्री एकला कुत्री गप्प होतात,
स्टेशनाकडून एखादी मालगाडी लांबलचक खडखडते,
आणि मी चष्मा पुसून पानं पिसते.
म्हणजे, तोच पिसतो. मला नुसतं दाखवतो.

एकतीस वर्षं प्रेसमध्ये कागद तपासले मी.
कुठे शाई पसरली, कुठे आकडा केसभर सरकला.
शंभरातले नव्याण्णव बरोबर असतात,
पगार त्या शंभराव्याचा.
तशीच यालाही तपासत बसते.
दुधाच्या हिशोबाच्या वहीत, मागच्या पानापासून, लिहिलंय:

अग्निसर्प. पाचव्या फेरीपर्यंत सगळं जाळून मोकळा होतो.
तोवर ढाली लावायच्या, मार खायचा, चहा ठेवायचा.
सहाव्या फेरीला त्याच्याकडे उरते राख आणि एक बेडूक.

धुक्याची राणी. आपलं सगळ्यात मोठं पान चोरते.
मग मोठं पान ठेवायचंच कशाला?
उंदीर पाळावेत. उंदीर चोरून राणी काय करणार.

आणि सगळ्यांना लागू, खाली दोन रेघा:
तो नेहमी सगळ्यात अशक्त पानावर धावतो.
नेहमी. राजा उघडा पडला असला तरी.
तेव्हा एक खोकणारा मशालवाला पुढे ठेवायचा
आणि मागे, आरामात, हत्ती वाढवायचा.
त्या मशालवाल्याचं मला वाईट वाटतं.
त्याच्या चित्रात त्याला एक चप्पल नाही.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही मेंढीकोट खेळायचो.
समोर मार्था भालेराव, बारा वर्षं माझी भिडू.
हातात मेंढी आली की ती डब्यात लोणचं शोधायची.
लोणचं संपलेलं असलं तरी शोधायची.
साऱ्या खात्याला ते ठाऊक होतं, तिला सोडून,
आणि मग एक दिवस हातात काहीच नसताना
तिनं लोणचं शोधलं,
आणि चारही मेंढ्या आमच्याकडे आल्या.

याच्याकडे लोणचं नाही.
हा कधी खोटं खोकत नाही,
हरला तर पानं आपटत नाही,
सव्वीस वेळा त्याच मशालवाल्यावर झेपावतो
आणि सत्ताविसाव्यांदा परत.

काल थडग्याचा राजा पडला.
त्याचा ढीग कोरा, त्याचे भालदार जिवंत,
माझा हत्ती त्यांच्यामधून चालत गेला.
पडद्यावर सोनं उडालं, तुताऱ्या वाजल्या
(आवाज बंद होता, तुताऱ्या नुसत्या दिसल्या),
आणि लगेच: पुन्हा खेळायचं?

मी उठले, खिडकी उघडली.
डिसेंबरची थंडी, नाशिकची, दात दाखवणारी.
"कोट!" म्हणून ओरडले.

खाली शेकोटीजवळ वाळीबा वॉचमन दचकला.
वर बघितलं त्यानं, मफलर सोडला,
टॉर्च माझ्या तोंडावर मारला, मग खाली घेतला.
"काय झालं, बाई?"
"काही नाही. जिंकले."
थोडा वेळ तो हात शेकत राहिला.
मग विचारलं,
"हुकूम कुठला होता?"

या खेळात हुकूम नसतो, असं सांगायला तोंड उघडलं.
"किल्वर," म्हणाले.
"मग ठीक," तो म्हणाला.