तीन वाजताचा उपाय

मंगळवारी साडेपाचला, ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत,
जिथे एरवी मुलांची चित्रं वाळत घालतात,
आम्ही आठ-नऊ जण बसतो.
अठरा कान धरा, त्यातले चौदा वाजणारे.
बाहेर नार्वा नदी कडेकडेनं गोठलेली,
पलीकडच्या काठावर दुसरा देश,
आणि तिथेही, गेन्नादी म्हणतो,
असेलच कुणीतरी कान चोळत बसलेलं.

झिनाइदा आणि रिम्मा कापडगिरणीतल्या.
एकतीस वर्षं मागांच्या मधे उभ्या,
एकमेकींची बाळंतपणं, भांडणं, नवऱ्यांची दारू,
सगळं नुसत्या ओठांवरून वाचलेलं.
गिरणी बंद पडली. धोटा थांबला नाही.
रिम्माच्या उजव्या कानात तो अजून जातो-येतो,
रविवारीसुद्धा.
'आणि जादा पाळीचे पैसे नाहीत,' ती म्हणते.

मी दातांच्या कवळ्या घासतो.
माझा आवाज बारीक आहे, टिंई करणारा,
काचेच्या पेल्याच्या कडेवरून कुणी ओलं बोट फिरवतंय
आणि थांबायचं विसरलंय.
कानांवर हात ठेवले तर तो आतच कोंडतो.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सवय होईल.
भल्या आहेत बिचाऱ्या. त्यांचे कान शांत आहेत.

इथे उपायांना तोटा नाही.
पंखा लाव, हिवाळ्यातसुद्धा, भिंतीकडे तोंड करून.
कॉफी सोड.
छे, सोडू नकोस, मी सोडली तर डोकंही वाजायला लागलं.
मीठ कमी, उशी उंच,
रेडिओ दोन स्टेशनांच्या मधे.
गेन्नादीला मेव्हणीनं लसणाची पाकळी सांगितलीय,
कोमट तेलात बुडवून...
फाइना पूर्वी परिचारिका होती. ती टेबलावर वही आपटते:
कानात काही घालायचं नाही!
कोपर जात असेल तर घाल.
गेन्नादी नुसता हसतो.
त्याच्या खिशाला वास येत असतो.

जानेवारीत उस्तिन्या आली. एकोणीस वर्षांची.
सर्दी झाली, सर्दी गेली, हे राहिलं.
कोटाची बटणंही न काढता तिनं विचारलं,
थांबतं कधी?

खोलीत आमच्या चौदा कानांशिवाय सगळं गप्प.
मग एकदम सगळे बोलायला लागलो, पंखा, उशी, मीठ,
काही सांडल्यावर हाताला येईल ते फडकं टाकावं तसे.
फाइनानं हात वर केला.
'तुझा कसा वाजतो? करून दाखव.'
पोरीनं ओठ मिटून काढला एक सूर,
दर चौथ्या ठोक्याला तुटणारा.
'अगं, हा तर आमचा खिडकीजवळचा माग,' रिम्मा म्हणाली,
'तेल मागतोय.'
पोर आधी हसली की आधी रडली,
मला नक्की आठवत नाही.

बसथांब्यावर मी तिला वहीत नसलेलं सांगितलं:
रात्री तीनला जाग येते.
तेव्हा फ्रिजचं दार उघडायचं, समोर स्टूल घेऊन बसायचं.
थोड्या वेळानं तो घुरघुरायला लागतो.
त्या घुरघुरीखाली आपला आवाज मावतो,
पूर्ण नाही, बराचसा.
बायकोला हे माहीत नाही. तिला वाटतं, मला भूक लागते.

त्या आठवड्यात मी तीनदा उठलो.
पिवळ्या उजेडात, लोणच्याच्या काकड्यांसमोर बसून
वाटायचं, गावाच्या त्या टोकाला
आणखी एक दार आत्ता उघडं असेल.

मंगळवारी ती आली. कोट काढला.
'फ्रिजनं काही झालं नाही,' सगळ्यांसमोर म्हणाली,
आणि माझे वाजणारे कान तापले.
'चीज मात्र संपलं.'

फाइनानं वही उघडली, पेन्सिल ओलावली,
लिहू की नको अशी थांबली.
आणि झिनाइदा, जिच्यापर्यंत सगळं जरा उशिरा पोचतं,
मागावरच्या आवाजात ओरडली,
'कुठलं चीज?'