कळतं पण

लाइनमन जिन्याखालच्या मीटरपाशी वाकला
तेव्हा मी पायरीवरच उभी होते.
बिल फ्रिजवर, चुंबकाखाली. पैसे खात्यात.
एकेचाळीस दिवस मी त्याच बिलासमोर
दूध काढत होते, दूध ठेवत होते.
'ताई, आत्ता भरा, चारला येऊन जोडून देतो.'
मी हो म्हणाले.
तो मंगळवार होता. शनिवारपर्यंत मेणबत्ती.

कळतं पण वळत नाही,
हे आमच्या घरात माझं पाळण्यातलं नाव असावं.
बाबा 'कळतं'वर जोर द्यायचे.
बाईंनी प्रगतिपुस्तकात लिहिलं : हुशार, पण आळशी.
त्या 'पण'मध्ये मी राहतेय तीसेक वर्षं,
आणि भाडं तेही उशिरा.

आळशी माणूस आडवा होतो आणि झोपतो.
मी आडवी होते
आणि दिवसभर त्या एका कामाकडे चालत राहते.
दमते. पोचत नाही.

वारज्यात झेरॉक्सच्या दुकानावर
नसरीन मुजावर यांची खोली.
टेबलावर एक घड्याळ, त्यातली लाल चकती
मिनिटामिनिटाला आत सरकते.
मी कबूल केलं : इथून कर्वे पुतळ्यापर्यंत
एकदा रात्री साडेअकराला दहा मिनिटांत पोचले होते,
तेव्हापासून रोज दहाच धरते.
त्या हसल्या नाहीत. लिहून घेतलं.

बाहेर बाकावर यशोधन, थर्ड इयर मेकॅनिकल, वायडी.
जर्नल पूर्ण होतं म्हणाला, आकृत्यांना शेडिंगसुद्धा.
सही घ्यायची राहिली.
'सर कुठे बसतात?'
'त्याच मजल्यावर.'
मग आम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.
या गोष्टीवर माझ्याबरोबर
याआधी कुणी हसलं नव्हतं. मला हसले होते.

सात वह्या नेल्या होत्या दाखवायला.
दर जानेवारीत अप्पा बळवंत चौकातून एक प्लॅनर,
प्रत्येकात नऊ-दहा तारखेपर्यंत मोत्यासारखं अक्षर.
त्यांनी शेवटची सातही पानं शेजारी शेजारी उघडली
आणि विचारलं, पुढच्या दिवशी काय व्हायचं?
काही नाही. एक दिवस चुकायचा.
मग वही माझ्याकडे बघायला लागायची,
आणि मी तिला कपाटात, साड्यांखाली.

'बिल भरणं हे काम नाहीच.
ते गाठोडं आहे. सोडा.'
सोडलं. आतून निघालं :
चष्मा, जो सापडायचा आहे.
फोन, जो चार्ज नाही.
ग्राहक क्रमांक, बारा आकडी.
पासवर्ड, तो विसरल्याची शिक्षा म्हणून नवा पासवर्ड.
आणि तळाशी, नीट घडी घातलेली, शरम.
'आज फक्त चष्मा,' त्या म्हणाल्या.

आता गुरुवारी रात्री नऊला त्या फोनवर असतात.
बोलत नाहीत. त्यांच्या घरातलं भांडं वाजतं,
माझ्या घरातलं कपाट उघडतं. एवढंच.
एकदा न राहवून विचारलं, काय करताय?
'बेसनाचे लाडू. तूप कमी पडलंय,
वळत नाहीयेत.'

मी हातातला कागद तसाच धरून उभी राहिले.
पलीकडे त्यांनी कढल्यात तूप गरम केलं,
चुर्र असा आवाज आला,
परातीत ओतलं असावं.
बेसनाला कुणी काही बोललं नाही.
त्याच्या शाळेतल्या बाईंना बोलावलं नाही.
थोड्या वेळाने म्हणाल्या, हं, वळले.

या महिन्याचं बिल सतरा तारखेला भरलं,
मुदतीच्या दोन दिवस आधी.
यशोधनला फोटो पाठवला, त्याने अंगठा.
त्या भरात सिलेंडरचा नंबर लावायचा राहिला.
शुक्रवारी गॅस संपला, भात अर्धा कच्चा.
उरलेला इंडक्शनवर शिजवला.
वीज आहे.