आणखी तीनच वर्षं

हेरन्स या मोसमातली अठ्ठ्याऐंशीवी मॅच हरले
आणि व्हर्लननं रेडिओचा आवाज कमी केला.
बंद नाही केला.

ऑगस्टची रात्र, ओहायोतलं टायरचं दुकान.
रबराचा वास, गार झालेली कॉफी,
आणि उलट्या बादल्यांवर आम्ही चौघं,
ज्यांना कुणी काही विचारलेलं नाही
तरी ज्यांच्यावाचून संघाची पुनर्बांधणी अडून बसली आहे.

पुनर्बांधणी.
मालकानं हा शब्द आणला त्याला सात वर्षं झाली.
आधी म्हणाला, तीन वर्षं. मग म्हणाला, आणखी तीनच.
पी हळद अन् हो गोरी, असं नसतं, म्हणाला,
आणि बांधायच्या आधी घरातले खांब विकले.
हेरन म्हणजे बगळा.
आमचा एका पायावर उभा आहे, डोळे मिटून,
त्याच्या पायांमधून मासे निघून जातात
पैसेवाल्या शहरांकडे.

"प्रिडीला द्यायलाच नको होतं," डार्नेल म्हणतो.
दर मंगळवारी म्हणतो.
जोनाह प्रिडी, आमचा शॉर्टस्टॉप.
झोपलेलं मांजर उचलावं
तसा जमिनीवरून चेंडू उचलायचा.
त्याच्या बदल्यात तीन पोरं आली.
एकाचा खांदा गेला,
एक परत गेला वडिलांच्या गोठ्यात,
उरला योर्बिन.

योर्बिन मातेओ, पिचर. वय एकोणीस, वेग सत्त्याण्णव मैल,
सध्या मुक्काम मायनर लीग.
एमेटकडे वही आहे, तीत त्याचा चेंडू न् चेंडू.
"नऊ इनिंगला बारा स्ट्राइकआऊट!" वहीवर बोट आपटत एमेट.
"आणि सात वॉक," व्हर्लन.
"वेग आहे, दिशा नाही. माझ्या मेहुण्याच्या पिकअपसारखं."
"दोन वर्षांत वर येईल."
"दोन वर्षांत मी वर गेलेला असेन."

बाळाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणे.
या पोरांचे बसमध्ये दिसतात,
पहाटे तीनला, सीटबाहेर लोंबणारे,
मोज्याला भोक.
पण हे मला तेव्हा सुचलं नाही.
तेव्हा मीही ओरडत होतो,
तुरी बाजारात, आणि आमची इथे डाळीवरून मारामारी.

एवढ्यात एक बाई आल्या, पंक्चर झालेलं चाक स्वतःच ढकलत.
ओपल हॅगर्टी. मिलर्टनच्या.
थोडा वेळ ऐकत उभ्या राहिल्या.
"योर्बिन का? तो माझ्याकडे राहतो.
शिवणाच्या खोलीत."

कुणी तरी बादलीवरून उठून त्यांना जागा दिली.
एमेटनं पेन्सिल टोकेरी केली.
"स्लायडर कसा आहे हो त्याचा?"
"ते मला नाही कळत. भांडी स्वच्छ घासतो.
रात्री आईशी फोनवर बोलतो, मग गॅरेजच्या भिंतीवर
मोज्यांचा बोळा फेकत बसतो, धप् धप्,
मला वाटायचं उंदीर.
दोन आठवडे दाढ ठणकतेय त्याची, जेवत नाही धड.
कुणाला सांगू नका म्हणाला, खाली पाठवतील.
तुम्हाला सांगितलं तर चालेल.
तुम्ही काही संघातले नाही."

रेडिओवर कुणी तरी गाद्या विकत होतं.
एमेट वहीची पानं मागे उलटत गेला.
दोन आठवडे. तिथूनच वॉक वाढलेले.
त्याच्या वहीत अकरा रकाने आहेत,
दाढेचा नाही.

व्हर्लननं टायर शिवला, जरा जास्तच वेळ लावून,
बिलावर लिहिलं शून्य,
आणि खाली एक फोन नंबर.
"दातांचा डॉक्टर आहे. नाव विचारणार नाही. माझा मेहुणा."
"पिकअपवाला?" डार्नेल.
"दात चांगले काढतो," व्हर्लन म्हणाला.

दारातून बाई वळल्या.
"शनिवारी टाकणार आहे तो. तिकीट सात डॉलर.
फारसं कुणी येत नाही."

त्यांचे दिवे वळणाआड गेले.
मिलर्टन एकशे दहा मैल.
एमेटच्या गाडीचा एसी चालतो फक्त पुढे,
मागे नुसती धूळ.
पुढे कोण बसणार,
यावर रात्री एकपर्यंत वाद चालला.