फेस

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर
माझा बाप गिऱ्हाइकासमोर म्हैस पिळायचा.
आधी चरवी उलटी करून दाखवायचा,
थेंब नाही आत, बघा.
मग धार. मग पेला.
"डोळ्यांदेखत दिलं की
कुणी बोट दावत न्हाई," म्हणायचा.
आणि गिऱ्हाईकही खरंच बघत राहायचं,
पैलवान, रिक्षावाले, पहाटेच्या एसटीनं उतरलेले पाहुणे,
सगळ्यांचे डोळे बापाच्या बोटांवर.

पण पेल्यात वरची तीन बोटं फेस असायचा.
फेसाचेही पैसे व्हायचे.
ते सगळ्यांना दिसायचं,
म्हणून ती लबाडी नव्हती.

एकटे शिवलिंग जंगम यायचे काठी टेकत.
बाजाच्या पेट्या दुरुस्त करायचे,
डोळे लहानपणीच देवीत गेलेले.
म्हैस एकीकडे, हे भलतीकडेच
पानपट्टीकडे तोंड करून उभे.
त्यांचा पेला भरला की बाप थांबायचा.
मागं गिऱ्हाईक ताटकळलेलं, म्हैस पाय आपटतेय,
हा आपला फेस बसायची वाट बघतोय.
बसला की वरून पुन्हा धार.
काठोकाठ.
मी एकदा विचारलं, त्यांनाच का?
"त्यास्नी दिसत न्हाई न्हवं," म्हणाला,
जणू यात विचारण्यासारखं काही नव्हतंच.

सातवीत हेरवाडेबाईंनी
गणिताचे पेपर आमचे आम्हालाच तपासायला दिले.
उत्तरं फळ्यावर लिहिली, खडू ठेवला,
आणि खिडकीपाशी जाऊन
आमच्याकडं पाठ करून उभ्या राहिल्या.
बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं,
पत्र्याची शेड, तिच्यावर वाळत घातलेल्या मिरच्या.

मला सोळा होते.
मी सतरा सांगितले.
बाईंनी वहीत सतरा लिहिले,
शाई टिपली, पुढचं नाव घेतलं.

तो एक गुण
नंतर मला कुठंच उपयोगी पडला नाही,
ना बी.एड.ला, ना नोकरीत.
बाई गेल्याचं कळलं त्या दिवशी मात्र
जेवता जेवता घशाशी आला.

आता मी राजारामपुरीत क्लास घेतो.
कोपऱ्यात कॅमेरा आहे.
पालक आपापल्या दुकानात बसून
मोबाइलवर आपलं पोर बघतात.
एखाद्याचा फोन येतो,
सर, आमचा मान खाली घालून का बसलाय?
मी म्हणतो, लिहितोय.
आमचंही डोळ्यांदेखतच चाललंय.
फेसासकट.

परवा चाचणी चालू असताना लाइट गेली.
कॅमेऱ्याचा तांबडा ठिपका विझला.
सगळ्या माना वर,
आधी ठिपक्याकडं, मग माझ्याकडं.
मागच्या बाकावरून शबनूर मुजावर म्हणाली,
"सर, आता आम्ही बघून लिहिलो तर?"
पोरं हसली. मीही हसलो बहुतेक.
जनरेटर होता.
खाली जाऊन सुरू करायला
दोन मिनिटं लागली असती.

मी खिडकीपाशी गेलो.
खाली भेळेच्या गाडीवर कुणीतरी कांदा चिरत होतं.
पाठीला किती डोळे फुटतात माणसाच्या
ते मला तेव्हा कळलं.
कुजबुज ऐकू आली. पान उलटल्याचा आवाज.
कुणीतरी "ए, शूऽ" केलं,
कुणाला, कशासाठी, समजलं नाही.
मान वळायला बघत होती.

बाईंची वळायला बघत नसेल?
की त्याही तेव्हा
पत्र्यावरच्या मिरच्याच मोजत होत्या,
चौदा, पंधरा, सोळा,
सतरा?

मी कांदा चिरणारे हात बघत राहिलो.
फेस बसायला वेळ लागतो.
मागं गिऱ्हाईक ताटकळलेलं असतं.