वाऱ्याचं बारसं

बेलापूरच्या आपत्ती कक्षात तीन फोन, एक वायरलेस
आणि ट्यूबलाइटमागे राहणारी पाल.
मे महिना. मास्कच्या आत माझाच शिळा श्वास.
पहाटे संदेश आला:
लक्षद्वीपजवळच्या कमी दाबाचं वादळ झालं.
नाव तौक्ते. ब्रह्मदेशानं ठेवलेलं.
अर्थ, पाल.
मी वर पाहिलं, आणि ती चुकचुकली.
शिपाई वाघचौरे टेबलावर बोट आपटत म्हणाले,
कृष्ण, कृष्ण.

भिंतीवर तक्ता आहे. तेरा देश, प्रत्येकाची तेरा नावं.
नाव छोटं हवं. कुणाच्या भावनेला लागणारं नको.
एकदा ठेवलं की पुन्हा ते कुणाला नाही.
ज्यांच्यात एखादं कबुतर चुकून पलीकडे गेलं
तरी त्याची चौकशी बसते,
ते इथे मांडीला मांडी लावून बसलेत.
पाकिस्ताननं गुलाब दिलंय. त्याची पाळी यायचीय.

बारशाला आत्या लागते.
या खेपेची आत्या इरावतीकाठची.
कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या,
अजून डोळाही न फुटलेल्या भोवऱ्याच्या कानात
तिनं कुर्र केलं
आणि मस्कतपासून चितगावपर्यंत
माझ्यासारख्या रात्रपाळीवाल्यांनी
आपापल्या लिपीत तेच नाव उतरवून घेतलं.

दिवाळ्याच्या सात होड्या बाहेर होत्या.
मी नंबर लावत गेले. रेंज येत होती, जात होती.
'हेरंबदूत'वरून रतन नाखवा ओरडला,
जाली आताच टाकलीत, बाय! त्याचा नाव काय म्हनलीस?
म्हटलं, तौक्ते. पाल.
पालीला कोन भितंय गो!
मग बराच वेळ नुसतं पाणी ऐकू आलं.
मग म्हणाला, शेपूट टाकून पलते ती. बरा. येताव.
दुपारी धक्क्याला लागला तेव्हा
निम्मं जाळं कापून मागे सोडलेलं होतं.

माझी आत्या चांगुणा. तिचा नवरा ज्या वाऱ्यात गेला
त्याला नाव नव्हतं.
तेव्हा वाऱ्यांना कुणी नावं ठेवत नसे,
शिव्या द्यायच्या तरी कुणाला?
आणि नवऱ्याचं नाव ती घेत नसे.
म्हणून पन्नास वर्षं त्या रात्रीबद्दल ती
'त्यो आला' आणि 'ते गेले'
एवढंच बोलू शकली.
फोनवर मी तिला तौक्ते सांगितलं
तर तिनं विचारलं, नावानं हाक मारली
तर मागं वलतंय का गो?

रविवारी संध्याकाळी खाडीकाठच्या घरांतली माणसं
पालिकेच्या शाळेत आणली.
चौथीच्या वर्गात, बे एके बेच्या खाली सतरंज्या.
मी रजिस्टर घेऊन फिरत होते.
पूर्ण नाव? चांगुणा.
पतीचं नाव?
ती भिंतीकडे वळली. पदर दातात धरला.
बाहेर गुलमोहर कमरेतून वाकत होता.
मी तो रकाना मोकळा सोडून पुढे निघाले
तेव्हा मागून आवाज आला,
लिही. हसुराम.

सोमवारी तो आमच्या समोरून गेला, किनाऱ्याला न लागता.
पत्रे, फांद्या, विजेचे खांब, एक बसथांबा.
होड्या सातही धक्क्याला, एकमेकींवर दात आपटत.
मी तक्त्यावरच्या तौक्तेवर रेघ मारली.
खाली यास. ओमानची आत्या.

पण दूर, तेलाच्या विहिरींपाशी
एक तराफा बुडाला होता.
नाव तिथेही पोचलं होतं, वेळेवर पोचलं होतं,
तरी माणसं तिथेच होती.
पुढे कितीतरी दिवस त्यांची नावं येत राहिली,
बापांच्या नावांसकट, गावांसकट,
कुठली कुठली, लांबच लांब.
ती छोटी असावीत
असा काही नियम नव्हता.