चार हजार फुटांवरचा चणा

साडेसहाला सोनेगावहून निघालो तेव्हा
उरकुडे सरांच्या मिशीला अजून तर्री होती.
पोहे त्यांनी हँगरमागेच संपवले, उभ्यानं,
कागद चुरगळून खिशात कोंबला
आणि मला पट्टे दोनदा आवळायला लावले.
"सैल राह्यले तं डोकं छताले लागते, लांजेवार."

काटोल रोड डावीकडे ठेवून वर, आणखी वर.
मे महिन्यातली हवा सकाळीच तापायला बसलेली,
खड्ड्यातल्या ऑटोसारखं आदळत होतं विमान.
चार हजारांवर ती एकदम गुळगुळीत झाली,
कुणी इस्त्री फिरवल्यागत.
"चौफेर पाह्य. कोनी नाही ना? मंग मार."

नाक खाली. एकशे पाच, एकशे दहा,
एकशे पंधरा. ओढ.
मांडीवर पोतं, गालावर पोतं,
पापण्यांवर कुणीतरी येऊन बसलेलं.
क्षितिज बुडालं,
समोर नुसतं पांढुरकं आभाळ
ज्यात मोजायला काहीच नाही.
डोकं मागे टाकून शोधलं
तर नागपूर वरून येत होतं, सावकाश:
कोराडीच्या चिमण्या छताला टांगलेल्या,
धूर खाली गळतोय,
संत्र्याच्या बागा उलट्या, तरी ओळीत,
आणि गोरेवाड्याचा तलाव
सांडला नाही.

तिथं, माथ्यावर, जिथं वजन सुटतं,
सीटखालून एक चणा वर आला.
कालचा, परवाचा, कोण जाणे कोणत्या पोह्यांतला.
माझ्या नाकासमोर थांबला, जरासा वळला,
पत्ता चुकलेल्या पाहुण्यासारखा.
"त्याच्याकडे कायले पाह्यतं? पंख पाह्य."

दुसऱ्या लूपला मी जास्तच ओढलं.
डावा पंख गेला.
मग शेत, शेत, रस्ता, शेत,
तेच पांढरं देऊळ, परत तेच,
जातं गरगरतंय आणि आतलं पीठ मी.
हात म्हणाले, ओढ.
पोट, दात, पायाची बोटं, सगळे म्हणाले, ओढ,
जमीन येतेय, नाक वर घे.
सरांचे हात घडी घालून त्यांच्याच मांडीवर.
आवाज बँकेतल्या कारकुनाचा:
"थ्रॉटल बंद. उजवा पाय पुरा दाब.
आन् दांडी पुढं ढकल. जमिनीकडे."

जमिनीकडे.
अठ्ठावीस वर्षांत मला कुणी
पडताना असं सांगितलं नव्हतं.

ढकलली.
देऊळ थांबलं.
त्याच्या बाजूला एक विहीर होती,
आधी दिसलीच नव्हती.

उतरलो तेव्हा आठ वाजून गेले होते,
डांबर चपलेला चिकटायच्या बेतात.
इंजिन टिकटिक करत होतं, निवत नव्हतं.
सरांनी वहीत लिहिलं: लूप दीड, भोवरा एक,
आणि 'भोवरा'च्या पुढे, बारीक अक्षरात, 'स्वतःच काढला'.
मग काचेच्या कोपऱ्यातून तो चणा उचलला,
फुंकला,
माझ्याकडे एकदा पाहिलं
आणि खाऊन टाकला.